मालिकेतली पोरगी मरणार होती म्हणून

मला काय झालंय हे मला सोडून धारूरच्या आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मला ते कळलं एका कोरियन मालिकेमुळे. वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं. मलाही आता येतं. आता म्हणजे उपचार संपून, रिपोर्ट चांगले येऊन, केस पुन्हा अंबाड्याएवढे वाढल्यावर.

ज्यांच्या घरात सध्या असं काही चाललंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. औषधांची नावं सांगणार नाही, ती मला अजून नीट म्हणता येत नाहीत. मालिकांबद्दल मात्र भरपूर सांगेन, कारण त्या वर्षात मी दोनच गोष्टी केल्या: सलाईन घेतली आणि टीव्ही बघितला.

मी महानंदा. दहावी शिकले, लग्न होऊन धारूरला आले. बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. माझे मिस्टर मन्मथअप्पा दुकान बघतात आणि आहेराच्या भांड्यांवर मशीननं नावं घालतात. आसपासच्या गावांतल्या किती घरांत त्यांच्या अक्षरातले तांबे असतील, देव जाणे. घरात आम्ही तिघंच, हे, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मूलबाळ नाही. त्यावर लोकांना जे बोलायचं होतं ते त्यांनी पहिल्या दहा वर्षांत बोलून घेतलं, नंतर त्यांनाही कंटाळा आला.

गाठ

मानेला डाव्या बाजूला, पदर नीट करताना बोटाला लागेल अशी बारीक गाठ आली. दुखत नव्हती. दुखत नाही तोवर आपण बायका दवाखान्याचं नाव काढत नाही, तसं मीही काढलं नाही. एकीच्या तीन झाल्या. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, झोपेत घाम एवढा यायचा की उशी पिळावी. जवळच्या एका डॉक्टरांनी गाठींचा टीबी म्हणून औषध सुरू केलं. त्यांना मी दोष देत नाही. आमच्याकडं मानेला गाठ म्हणजे बहुतेकदा तेच असतं. तीन महिने गोळ्या खाल्ल्या, लघवी केशरी झाली, गाठी तशाच. मग औरंगाबादच्या माझ्या नणंदेनं हट्टानं तिकडं बोलावून घेतलं. तिथं गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी यांना एकट्यालाच आत बोलावलं. मी बाहेर बाकड्यावर बसले. पाऊण तासानं हे बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं, शर्टाची कॉलर ओली. मला म्हणाले, "महानंदा, मसाला डोसा खाती का?"

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. या माणसानं मला कधी हॉटेलची पायरी दाखवली नव्हती. बाहेरचं खाणं आमच्या घरात बसतच नाही. गेवराईच्या स्टँडवर एस.टी. तासभर बंद पडली तरी हे डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणीच काढणार. त्या दिवशी मात्र माझ्यापुढं डोसा आला आणि हे समोर बसून चटणीची वाटी नुसती फिरवत राहिले.

"काय म्हनले डॉक्टर?"

"गाठ हाय."

"ते तर मला बी माहीत हाय."

"साधी हाय. पर मुळातून घालवायची तर सलाईनमधून औषध घ्यावं लागतंय. दर पंधरा दिसाला. बारा येळा."

"साध्या गाठीला बारा?"

"आजकाल तसंच करतेत," हे म्हणाले आणि वाटी उलटी फिरवायला लागले.

मी डोसा खाल्ला. चांगला होता. खरं सांगायचं तर मी पुढं काही विचारलं नाही, कारण मला पुढचं ऐकायचं नव्हतं. यांनी लपवलं हे खरं, पण मीही डोळे मिटून घेतले होते.

खुर्ची

दर पंधरा दिवसांनी पहाटेची एस.टी., माजलगाव, गेवराई, गोदावरीचा पूल, औरंगाबाद. दवाखान्यात एक लांब खोली होती, दोन्ही भिंतींना टेकून खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी सलाईनचा दांडा. आधी रक्त घ्यायचे, मग वाट बघायला लावायचे, मग एक गोड बोलणारी सिस्टर येऊन शीर शोधायची. माझी शीर कधी पहिल्या टोचणीत सापडली नाही. एक औषध सरबतासारखं लाल होतं. ते सुरू झालं की अर्ध्या तासात तोंडात लोखंडाची चव यायची. ती आठ दिवस जायची नाही. भाकरी लोखंडी, पाणी लोखंडी, आत्याबाईंनी केलेलं आमसुलाचं सारही लोखंडी.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बहुतेक वेळा गयाबाई असायची. शिरूर कासारची, दरसाल नवऱ्याबरोबर ऊस तोडायला कारखान्यावर जाणारी. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "मला कॅन्सर हाय, बया. तुला काय?"

"गाठ."

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाली आणि कनवटीची वाळलेल्या आवळ्याची फोड काढून दिली. "ओकारी आली की चघळ."

तिचा नवरा कारखान्यावर होता, ती एकटीच तपासायला आली होती, म्हणून डॉक्टरांनी तिलाच सगळं सांगितलं होतं. मला तिची इतकी कीव आली की परतीच्या गाडीत मी यांना म्हणाले, "बिचारीला कॅन्सर हाय, आन तिच्यापशी कुनी न्हाई." हे खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या सलाईननंतर केस गेले. आत्याबाईंनी कात्री आणली, मला अंगणात पाटावर बसवलं आणि उरलेसुरले केस एक शब्द न बोलता कापून टाकले. "औषध गरम पडलंय," एवढंच म्हणाल्या. त्या मुळातच कमी बोलणाऱ्या. सकाळी कपाळाला विभूती लावून लिंगपूजेला बसल्या की तासभर उठायच्या नाहीत. आजारपणात तर माझ्याशी त्यांचं बोलणं आणखीच आटलं. मला वाटायचं, आजारी सून म्हणजे त्यांना डोक्याला ताप झालीय. मला त्याचं वाईट वाटायचं.

संध्याकाळी सात

त्या वर्षी एका नव्या चॅनलवर कोरियाची मालिका हिंदी आवाज देऊन दाखवायला लागले. आमच्याकडं लोडशेडिंग रोजचंच, पण दुकानामुळं घरी इन्व्हर्टर होता. त्यामुळं गल्लीतल्या बाया सातला आमच्याच घरी. समोरच्या शकुंतलाबाई सगळ्यांच्या पुढं.

पहिल्या दिवशी आम्ही म्हणालो, ह्यांची तोंडं सगळी सारखीच. चार दिवसांत आमची चूक आम्हाला कळली. आठव्या दिवशी तर शकुंतलाबाई त्यातल्या आत्येच्या नुसत्या पाठमोऱ्या चालण्यावरून सांगायच्या, "ही आता भांडण लावाया निघाली."

गोष्ट अशी होती. समुद्राकाठच्या गावात मासळी वाळवणाऱ्या बाईची पोरगी शहरात शिवणकामाच्या कारखान्यात लागते. तिथल्या मुकादमाच्या मुलाचं मन तिच्यावर बसतं. त्याच्या आईला ते पसंत नाही. इथवर आपलंच सगळं. पण माझं मत विचाराल तर त्यांच्या आणि आपल्या हिंदी मालिकांत जमीन-अस्मानाचा फरक. आपल्याकडं सासू काही बोलली की कॅमेरा तीनदा तिच्या तोंडावर आपटतो, ढोल वाजतात आणि तेवढ्यात भाग संपतो. त्यांच्याकडं सासू काही न बोलता होणाऱ्या सुनेच्या ताटातली मासळीची वाटी उचलून आपल्याकडं घ्यायची. बस्स. आम्ही सगळ्या बाया एकदम हां करून श्वास घ्यायचो. दुसरं म्हणजे त्यांच्यातली माणसं जेवतात. खरोखर, तोंड भरून, आवाज करत. आपल्या मालिकेत डायनिंग टेबलावर वीस पदार्थ, पण घास कुणाच्या तोंडात जात नाही. तोंडाला चव नसलेल्या बाईला त्यांचं जेवण बघणं हे औषधासारखं होतं. त्यांच्या वाफाळत्या शेवया बघून मी दोन घास जास्त खायची.

उंबऱ्याबाहेर चपला काढणं, जमिनीवर अंथरूण घालणं, थोरल्यापुढं वाकणं, हे बघून शकुंतलाबाईंनी तर जाहीरच केलं, "हे लोक पूर्वी आपल्या हिकडलेच आसतेल."

खोट एकच. आवाज देणाऱ्या बाया दोनच असाव्यात. पोरगी, तिची आई, सासू आणि कारखान्याची मालकीण, चौघी एकाच गळ्यानं रडायच्या.

मग एका भागात पोरीच्या नाकातून रक्त आलं. पुढच्या भागात डॉक्टरांनी तिच्या आईला आणि होणाऱ्या नवऱ्याला आत बोलावलं, तिला बाहेर बसवलं. रक्ताचा कॅन्सर. त्यांनी रिपोर्ट तांदळाच्या मडक्यात लपवला आणि तिला म्हणाले, अशक्तपणा आहे.

मी यांच्यासमोर मोठ्यांदा म्हणाले, "किती येडी माणसं! तिला सांगत कावून न्हाईत? तिचं तिला कळाय नको?"

हे जेवत होते. अर्धं ताट तसंच ठेवून हात धुवायला गेले. खोलीतल्या बाया एकदम छताकडं बघायला लागल्या. मला वाटलं वर पाल आहे.

बास

चौथ्या सलाईननंतर मानेवरून हात फिरवला तर काहीच नाही. तिन्ही गाठी गेल्या. तोंडात फोड आलेले, तळपायाला मुंग्या, जिना चढताना दोनदा बसावं लागायचं. मी घरात सांगून टाकलं, "गाठ गेली, आता बास. मी पुन्ना त्या खुर्चीवर बसनार न्हाई."

यांच्या तोंडचं पाणी पळालं. "डॉक्टरनं बारा सांगितलेत."

"साध्या गाठीला बारा न लागता चारच लागल्या. चांगलंच झालं की!"

त्यानंतर घरात जी धडपड सुरू झाली ती आठवून आता पोट दुखेस्तोवर हसू येतं, पण तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. हे आमच्या जंगम महाराजांना, म्हणजे आमच्या घराण्याच्या गुरूंना, घेऊन आले. ते म्हणाले, माय, औषध अर्धं सोडू नये. मी विचारलं, कावून? ते यांच्याकडं बघायला लागले. नणंद औरंगाबादहून आली, माझे पाय दाबत बसली, नवी साडी घेऊन देते म्हणाली. आत्याबाई एकदाच बोलल्या, "घे गं बाई," आणि लगेच आत निघून गेल्या. मी सगळ्यांना एकच म्हणत होते, एक कारण सांगा. एक. कारण एकच होतं आणि ते सांगायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. पाचव्या सलाईनची तारीख गेली. वर आठवडा गेला.

एवढ्यात सात वाजता मालिकेच्या जागी भजनं लागायला लागली. पहिल्या दिवशी वाटलं केबलमध्ये बिघाड असेल. दुसऱ्या दिवशी भजनं. तिसऱ्या दिवशी तीच भजनं. हे म्हणाले, "चॅनलवाल्यानंच बंद केलीया म्हनं." बायांनाही यांनी आधीच, तिला आराम हवाय, म्हणून येऊ नका असं सांगितलं होतं. मी पडून पडून भजनं ऐकली. आठ दिवस.

शकुंतलाबाई

नवव्या दिवशी दुपारी मी पडवीत शेंगा फोडत बसले होते. शकुंतलाबाई दोन बायांना घेऊन तावातावानं आल्या.

"महानंदा, तुमच्या अप्पाला विचार, आमी काय पाप केलंय?"

"काय झालं?"

"आठ दिस झाले, सात वाजले की टाळ! आमी रफिकला जाऊन धरलं."

रफिक आमचा केबलवाला. केबलच्या खोलीतच त्याचं सीडी भाड्यानं द्यायचं दुकान होतं.

"तर त्यो म्हनतो, माझा काय कसूर? अप्पानं हात जोडले. म्हनले, आमच्या घरचं तेवढं चॅनल बंद कर. आता एका घरचं बंद करता येत न्हाई, करायचं तर अख्ख्या गावाचं होतंय. म्हनून त्यानं गावाचंच केलं. ती पोरगी शेवटाला मरती म्हनं त्याच रोगानं, तुला दिसू न्हाई म्हनून आमाला भजनं!"

बोलून झालं आणि त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"त्याच म्हणजे?" मी विचारलं.

एका बाईनं खाली बसून माझ्या सुपातल्या शेंगा फोडायला सुरुवात केली.

"शकुंतलाबाई, त्याच म्हणजे कुनाच्या?"

त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "मला वाटलं आत्तापत्तर तुला माहीत आसंल."

"कुनाकुनाला माहीत हाय?"

त्यांनी खरोखरच विचार केला. बिचाऱ्या प्रामाणिक. "सगळ्यांलाच की गं," म्हणाल्या.

लोक विचारतात, तेव्हा काय वाटलं? मला आधी राग आला, अंगाची लाही झाली. नंतर लाज वाटली, की मी गयाबाईची कीव करत होते. भीती सगळ्यात शेवटी आली, पण आली ती मोठीच. कारण मी बोटांवर दिवस मोजले. पाचवी सलाईन चुकून सोळा दिवस झाले होते. मला मारायला निघालेला रोग आणि मी यांच्यात त्या सोळा दिवसांत काहीच उभं नव्हतं.

हे जेवायला आले. उंबऱ्यात एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच.

"अहो, मला कॅन्सर हाय का?"

"कोन म्हनलं?"

"तुमची भजनं."

हे तसेच उंबऱ्यावर बसले आणि लहान लेकरासारखे मोठ्यानं रडायला लागले. अठरा वर्षांत मी या माणसाच्या डोळ्यात पाणी बघितलं नव्हतं. मी पण रडले, पण माझा राग काही रडण्यात वाहून गेला नाही.

"रफिक त्याच्या ताईच्या लग्नाच्या भांड्यावर नावं घालाया आलता," हे म्हणाले. "बोलता बोलता सांगितलं त्यानं, बायांची हौस बघून हैदराबादहून सगळ्या सीड्या मागवल्या, पर त्या त्यांच्याच बोलीत निघाल्या, कुनी नेईना. त्यानं शेवट बघितलता. म्हनला, पोरगी मरती. माझ्या हातातलं मशीनच घसरलं. तू ते बघितलं आसतंस तर घाबरून जीव सोडला आसतास. मानूस रोगानं न्हाई, भ्यानं मरतंय."

"आन औषध सोडल्यानं मरत न्हाई का? मला सांगितलं न्हाई म्हनून मी औषध सोडलं!"

हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. माझ्या मनाला धक्का बसू नये म्हणून त्यांनी गावाचं चॅनल बदललं, महाराज आणले, बहीण आणली, पण एक शब्द बोलून मला दवाखान्यात न्यावं, हे सुचलं नाही.

मग त्यांनी डॉक्टर काय म्हणाले ते पहिल्यापासून सांगितलं. हा कॅन्सर बरा होणाऱ्यांतला आहे. बारा सलाईन पूर्ण केल्या तर आशा चांगली आहे. मध्ये सोडलं तर नाही.

"बरा होनाऱ्यातला?" मी दोनदा विचारलं.

"हां."

"हे डोसा खाताना सांगाय काय झालतं?"

मला हसू आलं. रडता रडता आलं, थांबेना. मला कॅन्सर आहे हे कळलेल्या दिवशी मी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पोटभर हसले. ज्यांना वाटतं की सांगितलं तर माणूस खचेल, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: माणूस आधीच अंधारात चाचपडत असतो. तुम्ही फक्त दिवा लपवून ठेवता.

बाकीच्या आठ

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी. डॉक्टरांनी तारीख बघितली आणि यांना झापझाप झापलं. मग दबक्या आवाजात यांना विचारलं, "पेशंटला कल्पना आहे का?"

"पेशंट इथं बसलाय, डॉक्टर. मला विचारा," मी म्हणाले.

ते जरा चपापले, मग हसले, आणि त्यांची खुर्ची माझ्याकडं वळवून बसले. पुन्हा तपासण्या झाल्या. त्यांच्या निकालाचे दोन दिवस मी नणंदेच्या घरी कसे काढले ते माझं मला माहीत. गाठी परतल्या नव्हत्या. उशीर झाला होता, पण फार नाही. निकाल आला त्याच दिवशी पाचवी सलाईन लागली.

गयाबाई तिच्या खुर्चीवर होतीच. तिला म्हणाले, "गयाबाई, मला पन कॅन्सर हाय."

"मला पैल्याच दिशी कळलतं," ती म्हणाली. "ह्या खुर्च्यांवर साध्या गाठीचं कोन बसतंय? म्हनलं, हिला घरच्यांनी सांगितलं न्हाई, आपुन कशाला सांगा." आणि आवळ्याची फोड पुढं केली. तिच्या सलाईन माझ्याआधी संपल्या. जाताना तिनं सिस्टरच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

बाकीच्या आठ सोप्या नव्हत्या. पण एकदा सगळं उघड झाल्यावर घर हलकं झालं. हे दर वेळी आत माझ्याबरोबर बसायला लागले. शकुंतलाबाई दाळीचं पाणी घेऊन यायच्या आणि हळू आवाजात बोलणं त्यांनी बंद केलं, ते तर मला सगळ्यात बरं वाटलं. रफिकनं भजनं काढली, आणि गावानं इतके बोल लावल्यावर मधले भाग आपल्यामुळं चुकले हे कबूलही केलं.

मालिकेचा शेवटचा भाग आला तेव्हा खोली गच्च भरलेली. पण टीव्हीकडं कुणी बघेना, सगळ्या माझ्याकडं बघत बसलेल्या. पोरगी गेली. तिच्या आईच्या मांडीवर, समुद्र दिसणाऱ्या खोलीत, लोकरी टोपी घालून. ढोल नाही, काही नाही. मी भरपूर रडले, आणि नंतर दोन भाकरी खाल्ल्या. भीती वाटली नाही. एक तर मला माहीत होतं की माझा रोग तिच्यातला नाही. दुसरं म्हणजे ती ज्या शांतपणे गेली, त्यानं मला वाटलं, हे असं असेल तर त्याच्याकडं बघता येतं. आत्याबाई मात्र त्या दिवशी बाहेर आल्याच नाहीत. आत भाकरी थापत राहिल्या, गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

बाराव्या सलाईननंतर महिन्यानं डॉक्टर म्हणाले, आता फक्त तपासणीला या. हे खिशातून रुमाल काढेस्तोवर मीच विचारलं, "डोसा खाता का?"

नक्कल

दोन वर्षांनी तीच गोष्ट हिंदीवाल्यांनी उचलली. समुद्र गेला, हवेली आली. मासळी वाळवणाऱ्या आईच्या जागी जडाऊ नथ घातलेली आई. शिवणकामाच्या कारखान्याच्या जागी हिऱ्यांचा धंदा. मला आधी आनंद झाला, ओळखीचं माणूस नव्या कपड्यात भेटावं तसा. पण पाचव्या भागात मी चप्पल काढायच्या बेतात आले. पोरीला कॅन्सर, आणि केस कमरेपर्यंत! ओठाला लाली. सलाईन लावलीय ती कोपराच्या वर, जिथं कुणी शीर शोधत नाही. आणि मग नवरा अनवाणी डोंगर चढून घंटा वाजवतो, पोरीचं बोट हलतं, डॉक्टर चष्मा काढून म्हणतो, चमत्कार.

मला संताप आला. बारा वेळा गेवराईच्या खड्ड्यांतून ओकाऱ्या काढत गेलेल्या बाईला कुणी घंटेचं सांगू नये. आणि मूळ मालिकेत जे एकच काम धाडसाचं होतं, ते हिंदीवाल्यांनी काढून टाकलं. त्यांनी पोरीला मरू दिलं होतं. यांच्या पोटात तेवढी हिंमत नाही, म्हणून एक घंटा टांगली.

आत्याबाईंना मात्र ती नक्कल अतोनात आवडायची. पूजा उरकून, कपाळाची विभूती न पुसता, रोज सातला पहिल्या बसायच्या. मी नावं ठेवायला लागले की चिडायच्या.

"मरताना बघायचं आसंल तर गावात कमी हायेत का? ही जगती, हे चांगलं हाय."

"आत्याबाई, त्या कोरियावाल्यांनी खरं दाखवलं होतं. तुम्ही शेवट बघितलाच न्हाई, तुमाला काय ठावं."

"बघितला की."

"कधी? तुमी तर भाकरी थापत होता."

"त्याच्या आदी. तू औषध सोडून बसलतीस तवा. रफिकच्या दुकानात मागल्या खोलीत बसले. म्हनलं, ती शेवटची सीडी लाव."

आत्याबाई, ज्या देवळाशिवाय घराबाहेर पडत नाहीत, त्या सीडीच्या दुकानात.

"ती तर कोरियन बोलीत होती. तुमाला काय कळलं?"

"बोली कशाला कळाय पायजे?" त्या टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "ती पोरगी जाताना तिच्या मायनं काय काय केलं तेवढं बघितलं. मांडी कशी दिली, पाय कसे चोळले, तोंडात पानी कसं घातलं. दोनदा लावाय सांगितलं. तुला माय न्हाई. म्हनलं, येळ आलीच तर मलाच करायचंय. आपल्याला यायला पायजे."

वर्षभर ज्या बाईच्या गप्प राहण्याचा मी मनात राग धरला होता, ती बाई तेवढ्या वेळात माझ्या मरणाची तयारी शिकत होती.

"आता मला बघू दे," त्या म्हणाल्या. "ही उठून बसायलीय."

मी त्यांच्या शेजारी सरकून बसले, आणि ती पोरगी उठून बसताना आम्ही दोघींनी बघितली.